कार्डांची मागची बाजू

सेहेचाळीस सालच्या एका दुपारी सादुर्नी पहिल्यांदा रेमेईच्या दारात उभा राहिला, तो तिच्याच हातचं एक चित्रकार्ड घेऊन. बार्सिलोनात एकोणतीस साली मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा सतरा वर्षांच्या रेमेईने ते रेउस गावच्या आत्याला धाडलं होतं. पुढे यादवी युद्धात आत्या गेली, तिच्या घरातलं सामान भंगारवाल्याने उचललं, आणि ते कार्ड फिरत फिरत सांत आंतोनीच्या रविवारच्या बाजारात जुन्या कागदांच्या ढिगात येऊन पडलं. सहीखाली आपली गल्लीसुद्धा लिहायची रेमेईला सवय होती. त्यावरून हा माणूस शोधत आला होता.

"तुमच्याकडे अशी आणखी आहेत का?" टोपी हातात घेऊन त्याने विचारलं.

रेमेईच्या अंगाचा तिळपापड झाला. कारंज्याजवळ एका खलाशाने मला आइस्क्रीम घेऊन दिलं, असं तिने आत्याला त्यात लिहिलं होतं, आणि ते या परक्या माणसाने वाचलं होतं. तिने दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, कार्ड परत द्यायला. चुकलं म्हणाला. वर्षभरात दोघांचं लग्न झालं आणि कार्ड पुन्हा त्याच्याच खोक्यात गेलं. त्याचा दोस्त बाल्दिरी पुढे तीस वर्षं सगळ्यांना सांगत असे, की या गड्याने एका कार्डापायी अख्खी बाई घरात आणून ठेवली.

सादुर्नी सुतार होता. प्रदर्शनाच्या वेळी तो वीस वर्षांचा होता आणि मुंजुईकच्या टेकडीवर मंडपांच्या जमिनीला फळ्या ठोकायचं काम त्याने केलं होतं. प्रदर्शन संपलं तसे बरेचसे मंडप पाडले गेले, त्याच्या फळ्याही उखडल्या. राहिली ती माणसांनी तिथून घरी धाडलेली कार्डं. प्रदर्शनातच एक टपाल कचेरी होती, तिचा वेगळा शिक्का होता, राजाचं चित्र असलेली खास तिकिटं होती, पाकिटांवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या होत्या. यातलं जे हाती लागेल ते सादुर्नी जमवत गेला. इतर जमवणारे कार्ड उलटून शिक्का पाहायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे. हा आधी मजकूर वाचायचा. कोण कुठून आलं, काय पाहिलं, कुणाची आठवण काढली, हे त्याला तोंडपाठ असे. सहाशेच्या आसपास कार्डं झाली. त्यांच्यासाठी त्याने अक्रोडाच्या लाकडाचं बारा खणांचं कपाट स्वतः केलं. यादी मात्र त्याने कधी केली नाही. माझ्या डोक्यात आहे की सगळं, म्हणायचा.

बाल्दिरीचं जमवणंही तेच. परालेल रस्त्यावरच्या एका नाटकगृहात तो दाराशी उभा राहून तिकिटं फाडायचा. सडाफटिंग, कपडे टापटीप, जिभेला हाड नाही. बाजारात मात्र तो नेहमी सादुर्नीच्या मागे पडायचा. चांगली वस्तू आली की सादुर्नी अर्ध्या तासापूर्वीच ती घेऊन गेलेला असे. "तू झोपतोस तरी का रे? का बाजारातच वळकटी टाकतोस?" असं तो हसत विचारी. रेमेईला त्या हसण्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

साठी गाठता गाठता सादुर्नीचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेना, मग एखाद्या नळीतून पाहावं तेवढं उरलं, मग तेही गेलं. त्याचा सुतारकामाचा कारखाना दुसऱ्याने घेतला. बरोबरीची माणसं एकेक करून मातीआड झाली किंवा मुलांकडे गावी गेली. या दोघांना मूलबाळ नव्हतं. रेमेईच्या बहिणीची मुलगी एंग्रासिया सारागोसाला परिचारिका होती, ती नाताळला यायची. बाकी वर्षभर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात नवरा-बायको आणि ते कपाट.

मग रेमेई वाचू लागली. दुपारचं जेवण झालं की सादुर्नी सांगायचा, तिसरा खण, सातवं. ती काढून त्याच्या हातात द्यायची. तो कडांवरून बोट फिरवायचा, चित्र कोणतं ते सांगायचा, मग कार्ड तिच्याकडे परत द्यायचा आणि ती मागची बाजू वाचायची. दिवसाला दहा. दोन वर्षांत सगळी कार्डं कितीदा तरी वाचून झाली.

रविवार वेगळा. शनिवारीच तो गुळगुळीत दाढी करून घ्यायचा. सकाळी बाजार आटोपून बाल्दिरी बाराच्या सुमाराला जिना चढायचा, आणि त्याचं खोकणं दुसऱ्या मजल्यावर ऐकू आलं की सादुर्नीचा चेहरा उजळायचा. रेमेई ऑलिव्ह आणि वर्मूथ या गोडसर वाइनचे दोन पेले मांडून ठेवायची आणि मागच्या स्वयंपाकघरात जाऊन भाताकडे बघायची. बाहेर दोघांची टवाळी चालायची. बाजारात कुणी कुणाला गंडवलं, कुणाची विधवा अख्खं खोकं घेऊन आली होती. मग बाल्दिरी एखादा खण उघडायचा आणि कार्डं बघत बसायचा. सादुर्नी खदखदून हसायचा. आठवड्यातून तेवढंच हसायचा.

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल. जेवण झालं आणि सादुर्नी म्हणाला, "आज बुटांचं वाच."

बुटांचं कार्ड म्हणजे कुण्या एका कारकुनाने पालाफ्रुजेल गावी बहिणीला लिहिलेलं. चित्र कारंज्याचं. चौथा खण, दुसरं. रेमेईने काढून त्याच्या हातात दिलं. त्याने बोट फिरवलं, कारंजं म्हणाला, परत दिलं. तिने उलटून पाहिलं. पाठीवर जाड निळ्या शाईत भलताच मजकूर होता. बार्सिलोनाहून नमस्कार, लुईस. बस्स, एवढंच. शिक्काही दुसरा, नेहमीचा. बुटांच्या कार्डावर पहिल्या आठवड्यातला, तारीख उलटी पडलेला शिक्का होता. तसे बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात, असं सादुर्नी अभिमानाने सांगायचा.

"काय झालं? चष्मा नाही का?"

"आहे," ती म्हणाली. आणि ते परकं कार्ड डोळ्यांपुढे धरून तिने आठवणीतून वाचलं, "प्रिय कार्मेता, नवे बूट घालून आलो हे चुकलं. कारंजं निम्मं पाहिलं. उरलेला वेळ पायरीवर बूट काढून बसलो. आईला सांगू नकोस, तिनेच घेऊन दिलेत."

सादुर्नी हसला. बिचारा, म्हणाला, आणि पुढचं काढायला सांगितलं.

पुढचे चार दिवस तो दुपारी डुलकी घेऊ लागला की ती एकेक खण उघडून पाहायची. अकरा कार्डं बदललेली निघाली. प्रत्येकाच्या जागी चित्र तेच, पाठ वेगळी. अकराही दुर्मीळ शिक्क्यांची. तसंच चित्र शोधून आणून त्याच जागी ठेवायचं म्हणजे जाणत्या माणसाचं काम, आणि घाईचं नाही, महिनोन्‌महिने सवडीने केलेलं. घरात येणारा माणूस तर एकच होता. रेमेई खण उघडा टाकून खुर्चीत बसून राहिली. आपण भात ढवळत होतो, तेव्हा दहा पावलांवर हे चाललं होतं.

तिने एंग्रासियाला फोन केला. ती फटकळ. त्याला पुन्हा उंबरा ओलांडू देऊ नकोस, मावशी, आणि काकाला आजच्या आज सांग, असं तिने बजावलं. रेमेई हो म्हणाली. फोन ठेवून ती आत आली तर सादुर्नी खिडकीशी बसून बोटांवर दिवस मोजत होता. आज गुरुवार ना, त्याने विचारलं. तिला काही सांगवेना. सांगितलं तर कार्डंही गेलेली आणि रविवारही गेलेला. मग या माणसाकडे उरतं काय?

त्या रविवारी ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. भात सकाळीच करून झाकून ठेवला आणि शिवण घेऊन दोघांच्या मधोमध बसली. बाल्दिरीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कपाटाला हात लावला नाही. गप्पा मात्र नेहमीसारख्या रंगवल्या. मध्येच सादुर्नी म्हणाला, "अगं, याला बुटांचं वाचून दाखव. यालाच तेव्हा हवं होतं ते. कसा तोंड पाडून बसला होता."

रेमेई उठली. चौथ्या खणातून तिने ते लुईसचं कार्ड काढलं, पाठ बाल्दिरीला दिसेल असं धरलं, आणि बुटांचा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. बाल्दिरी पेल्यात बघत होता. त्याची मान लाल झाली होती. वाचून झाल्यावर सादुर्नीने मांडीवर थाप मारली आणि विचारलं, काय, अजून जळतोस ना? बाल्दिरी म्हणाला, हो, जळतो. थोड्या वेळाने, कुणाला तरी भेटायचंय, असं सांगून तो लवकरच निघाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पहिल्या रविवारी रेमेईने बाल्दिरीच्या सर्दीचं सांगितलं. दुसऱ्या रविवारी खोकल्याचं. सादुर्नी बाराला दाराकडे तोंड करून बसायचा. जिन्यात कुणी खोकलं की मान वर करायचा, आणि पावलं दुसऱ्याच दारी वळली की पुन्हा खाली. तिसऱ्या शनिवारी त्याने दाढी नको म्हटलं. दुपारची कार्डंही नको म्हणाला, कंटाळा आलाय. मग एका सकाळी हळूच विचारलं, "मी काही बोललो का गं त्याला? जळतोस म्हटलं त्याचं लागलं असेल का?"

"नाही रे."

"मग माझीच अडचण झाली असेल. आंधळ्यापाशी बसून बसणार तरी किती."

हे मात्र रेमेईला ऐकवेना. तिने कोट चढवला, डाळ आणते म्हणून सांगितलं आणि नाटकगृहामागच्या गल्लीत बाल्दिरीचं घर गाठलं. इतक्या वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. चौथा मजला. दार उघडून तो बाजूला झाला आणि बस म्हणाला, पण ती बसली नाही. खोलीत एक पलंग, एक मेज. मेजावर काचेखाली तिची अकरा कार्डं ओळीने मांडलेली, पाठ वर करून. रोज पुसल्यासारखी काच लख्ख होती.

"विकली नाहीत मी," तो म्हणाला. "एकही नाही."

ती वाकून काचेखालचं अक्षर वाचू लागली.

"त्याला आता दिसत नाहीत, रेमेई. मला दिसतात. आणखी किती वर्षं दिसतील कोण जाणे." त्याने खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. "जन्मभर हा माझ्या आधी पोचला. मला वाटलं, याचं काही कमी होत नाही. चित्र तेच, जाडी तीच. तू बघशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मी वाचते ती."

"हो. ते मी विसरलो."

काच उचलून अकरा कार्डं पिशवीत घालणं दोन मिनिटांचं काम होतं. त्याने अडवलं नसतं. रेमेईने तसा विचारही केला. पण आपण कार्डं घेऊन गेलो तर हा लाजेने पुन्हा तोंड दाखवायचा नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. ओरडायचं, शिव्या द्यायच्या, असं ती जिन्यात घोकत आली होती.

"रविवारी ये," ती म्हणाली. "तो दाढी करत नाही."

"आणि हे?"

"मला नाही ठाऊक. तू ये."

डाळ घ्यायची राहून गेली. दुकान बंद होतं, असं तिने घरी सांगितलं.

तो आला. खोकत जिना चढला आणि सादुर्नीने उभं राहून त्याचे दोन्ही खांदे धरले. फुप्फुसं जपायला हवीत या वयात, असं त्यालाच समजावलं. बाल्दिरीने दोन कार्डं परत आणली होती. रेमेईच्या हातात गुपचूप दिली, तिने ती जागच्या जागी ठेवली. तिला वाटलं, हळूहळू सगळी येतील. उन्हाळ्यानंतर पाहिलं तर ती दोन आणि वर आणखी चार बदललेली निघाली. तिने यावर काहीच केलं नाही. रविवारी बाराला ती भाताकडे जायची आणि ढवळायची गरज नसलेला भात ढवळत राहायची. बाहेरचं हसणं ऐकू यायचं. त्या हसण्यासाठी हे चाललंय असं ती मनाला सांगायची, आणि त्याच वेळी बाहेर जाऊन बाल्दिरीच्या हातावर चमचा मारावा असंही तिला वाटायचं. तेवढं बळ तिच्या अंगात कधी आलं नाही.

दुपारचं वाचन अवघड होत गेलं. गेलेली सगळी कार्डं तिला पाठ होती असं नाही. शेवटी शेवटी ती थोडं आठवायची, थोडं जुळवायची. वालेन्सियाच्या एका नव्या नवरीचं कार्ड वाचताना तिने नवऱ्याचं नावच चुकवलं.  शाई उडाली असेल, सादुर्नी म्हणाला. दुसऱ्या एकदा त्याने एक कार्ड जरा जास्त वेळ बोटांत धरलं, कोपरा चाचपला आणि परत दिलं. त्याला कळलं होतं का, हे रेमेईला कधीच समजलं नाही. 

सत्याहत्तरच्या फेब्रुवारीत सादुर्नी न्यूमोनियाने गेला. तीन दिवसांत आटोपलं. शेवटच्या सकाळी त्याने वार विचारला. मंगळवार होता. मुंजुईकच्या उतारावरच्या दफनभूमीत वारा सुटला होता, माणसं जेमतेम दहा. बाल्दिरी इतका रडला की त्याला उभं राहता येईना. सगळ्यांसमोर त्याला दंडाला धरून सावरलं ते रेमेईने. एंग्रासियाने डोळे वटारले. घरी आल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुला काही वाटतं की नाही?" रेमेईला सगळंच वाटत होतं. काय करायचं तेवढं कळत नव्हतं.

एकोणऐंशी साली प्रदर्शनाला पन्नास वर्षं झाली. वस्तीतल्या जमवणाऱ्यांच्या एका छोट्या मंडळाने वाचनालयाच्या दालनात जुन्या टपालाचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं आणि त्यांचा चिटणीस, एक नम्र तरुण, सादुर्नीचं कपाट बघायला आला. दोन तास बसून त्याने खण पाहिले. निघताना जपून म्हणाला, की जपणूक फार छान आहे, कपाट तर अप्रतिम आहे. फक्त महत्त्वाचं काही त्यांच्या हाती लागलेलं दिसत नाही. नेहमीचाच माल आहे, पण आम्ही काही घेऊ.

 बाजारात सगळ्यांच्या आधी पोचणारा रेमेईचा नवरा, आणि त्याच्या जन्माचा हा निकाल. सांगायचं म्हटलं तर पुरावा काय? यादी नव्हती. जे होतं ते त्याच्या डोक्यात होतं आणि उरलेलं थोडंफार तिच्या. शिवाय हा मुलगा विचारणारच, की बाई, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही एवढी वर्षं काय करत होतात? तिने त्याला कॉफी दिली आणि बारा कार्डं निवडून नेऊ दिली.

उद्घाटनाला ती काळा कोट घालून गेली. सादुर्नीची बारा कार्डं दाराजवळच्या एका चौकटीत होती. लोक तिथे न थांबता आत जात होते. आत समोरच्या भिंतीवर उजेडाखाली बाल्दिरीच्या पाच चौकटी, खाली त्याचं नाव छापलेलं. तिच्या घरातून गेलेली सगळी कार्डं त्यातच असणार. जाणकारांच्या रीतीने काळ्या कागदाला खिडक्या कापून कार्डं मागून बसवली होती. फक्त तिकीट आणि शिक्का दिसत होता. लिहिलेला मजकूर सगळा काळ्या कागदाखाली. रेमेई एकेका चौकटीपुढे उभी राहिली. शिक्क्यांवरून तिला एकही ओळखता येईना. ती तर अक्षरावरून ओळखायची. कारकून, नवरी, कोण कुठे आहे याचा पत्ता लागेना. एक गृहस्थ शेजारी उभे राहून बायकोला सांगत होते, की काय नजर असेल या माणसाची.

बाल्दिरी कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता. आता त्याला काठी लागत होती. मंडळाने त्याच्या हातात एक प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. रेमेईला पाहिल्यावर तो उठायला लागला, पण जमलं नाही. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आजूबाजूला माणसं होती. आता बोलायचं असेल तर हीच वेळ, हे दोघांनाही कळत होतं. तो वाट पाहत राहिला.

"त्याचं नाव तरी कुठेतरी घालायचंस," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय म्हणून घालणार होतो?"

रेमेईने मागे वळून त्या पाच चौकटींकडे पाहिलं.

सादुर्नी गेल्यापासून बाल्दिरी तिच्याकडे आला नव्हता. दोन वर्षांत तिच्या घरात सादुर्नीचं नाव कुणी काढलं नव्हतं. शेजारी नवे होते, एंग्रासिया फोनवर औषधांचं विचारायची. त्याचं हसणं कसं होतं, खोकला ऐकून तो कसा मान वर करायचा, हे ठाऊक असलेला एवढा एकच माणूस या शहरात उरला होता, आणि तो हा होता.

"रविवारी येऊ का?" त्याने विचारलं.

रेमेईला नाही म्हणायचं होतं. घरून निघताना आरशासमोर तिने ते ठरवलंसुद्धा होतं.

"तीन मजले चढता येतील का तुला?" ती म्हणाली.

"चढेन हळूहळू."

ती बाहेर पडली. रस्त्यावर ऊन होतं, टेकडीकडे जाणाऱ्या चढावर पर्यटकांची रांग लागली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात ती शिरली आणि रविवारसाठी अर्धा किलो तांदूळ जास्त घेतला.